सकाळच्या मॅडमचा राग

भर दुपारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या आवारात गाडीचं बॉनेट उघडून ती आत वाकली होती, आणि गाडीला, उन्हाला, मालकांना आणि एका उंटाला मनसोक्त शिव्या घालत होती. पोरीच्या नाकावर राग असतो, असं तिची आई म्हणायची. आज तो नाकावर मावत नव्हता.

उंट म्हणजे संध्याकाळचे सर. गाडी एकच, सकाळी ती शिकवायची, संध्याकाळी ते. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. रोज सकाळी सीट पार मागे ढकललेली आणि आरसा आभाळाकडे वळवलेला दिसायचा. एवढे लांब पाय आणि एवढी लांब मान माणसाची कशी असेल, म्हणून तिने परस्पर त्याचं बारसं करून टाकलं होतं.

त्यात ऐन उन्हाळ्यात एसी बंद पडला. तिच्याकडे शिकायला यायच्या त्या बहुतेक बायकाच… कुणी नवी सून, कुणी निवृत्त शिक्षिका, एक तर नातवंडांच्या आजी. क्लच सोडतानाच बिचाऱ्यांना घाम फुटायचा. काच खाली केली की शेजारचा टेम्पोवाला अक्कल शिकवणार, वर केली की गाडीची भट्टी. एकेक करत बॅच गळायला लागली. तिने मालककाकांचं डोकं खाल्लं, तेव्हा त्यांनी गॅस तपासून घेतला. तो पुरेसा निघाला आणि काकांनी हात झटकले. आज मात्र त्यांनी कहर केला. बायका टिकत नसतील, तर सोमवारपासून सकाळची बॅचही संध्याकाळच्या सरांकडे जाईल, असं तिच्या तोंडावर सांगून टाकलं.

"बेल्ट बघितलात का?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने न वळताच ऐकवलं की बेल्ट घट्ट आहे, फ्यूज शाबूत आहे, गॅस भरपूर आहे आणि फुकटचे सल्ले तर त्याहून भरपूर आहेत. मग ती वळली. समोर एक उंचच उंच तरुण उभा होता आणि त्याच्या बोटात याच गाडीची दुसरी किल्ली होती.

"उंट," तिच्या तोंडून निघून गेलं.

"अं?"

"काही नाही. माझी नोकरी घ्यायला आलात ना? सोमवारपर्यंत तरी धीर धरायचा."

त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकांनी लवकर बोलावलं म्हणून तो आला होता. तिने सगळं सांगितलं, म्हणजे अंगावरच ओतलं. तो ऐकता ऐकता बाह्या दुमडून इंजिनावर वाकला. त्याचे डोळे मात्र… छे, डोळे बघायची ही वेळ नव्हती.

त्याने तिला इंजिन चालू करून एसीचं बटण दाबायला सांगितलं. वारा आला, पण गरम. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरमधून 'टक्' असा आवाज यायला हवा, तो येत नव्हता.

"तिथपर्यंत करंटच जात नाही," तो म्हणाला.

"मोठा शोध लावलात. मला सकाळीच कळलंय ते."

आता राहिला होता रिले, करंट पुढे सोडणारी ती छोटीशी काळी डबी. तिने फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, एसीच्या रिलेकडे हात नेला… आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. तो रिले… मी बदललाय."

एका संध्याकाळी भर गर्दीत हॉर्न बंद पडला होता. शेजारी नवशिका बसलेला. एसीचा रिले हुबेहूब तसाच, म्हणून त्याने तो काढून हॉर्नला लावला आणि हॉर्नचा मेलेला इथे खोचून ठेवला. नवा लगेच आणायचा होता. पण संध्याकाळी काचा उघड्या, वारा छान सुटलेला, एसीची आठवणच आली नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा हात अजून तिच्या हातावर होता, तो तिने झटकला… जरा उशिराच.

"तुमच्या त्या छान वाऱ्यात माझी अख्खी बॅच उडून गेली, कळतंय का?"

"कळतंय. अजून बोला. तुमचं खरं आहे."

समोरचा खरं आहे म्हणाला, की भांडायचं तरी कसं? तिला त्याचाही राग आला. तेवढ्यात तो तडक ऑफिसात शिरला आणि काकांना सगळं सांगून मोकळा झाला. ती दारातून ऐकत होती. काकांनी आधी यथेच्छ तोंडसुख घेतलं, मग फर्मान सोडलं की सोमवारपासून त्याने यायचं नाही, दोन्ही बॅच मॅडम घेतील.

मनासारखं झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तो मान खाली घालून उभा होता. ती आत गेली.

"काका, हॉर्न गेलाय हे यांनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

काका टेबलावरचं पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या हातातच होतं.

"म्हणजे सांगितलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, बघू. मलाही तेच म्हणालात. हे जाणार असतील, तर मीही जाते. दोन्ही बॅच तुम्हीच घ्या."

काकांचे गुडघे धरलेले. गाडी चालवून त्यांना वर्षं झाली होती. ते बराच वेळ धुसफुसले आणि शेवटी म्हणाले की आधी नवा रिले आणा, दोघं आपापल्या बॅच सांभाळा आणि माझ्या डोळ्यांसमोरून जा.

स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेरच दोघांनी नवा रिले बसवला. टक्. काचा वर झाल्या, गार वारा सुटला, तिच्या कपाळावरची ओली बट उडाली. तो बघत होता… आणि बघत नसल्यासारखं करत होता.

"मॅडम, राग गेला?"

"मुळीच नाही. इतके दिवस कुठे होतात? एकदा जरी लवकर आला असतात, तर तेव्हाच भांडले असते."

"मग आता रोज दुपारी येतो. तुमचा राग जाईपर्यंत."

तिने समोरच्या काचेकडे बघत गियर टाकला. कान तापले होते. त्यापुढे एसीचं काही चालत नव्हतं.

"मग मी तो जाऊच देणार नाही," ती म्हणाली.