दीपगृहाच्या वाटेवरची पाटी

"गोळ्या सापडल्या, आता पाय उचल," असं म्हणत चष्मिश धाकट्या भावाला ओढत धक्क्याकडे निघाली. भावाला घरात सगळे बडबड्या म्हणत, आणि ते काही उगीच नव्हतं.

आई आणि आजोबा समोरच्या बेटावर दीपगृहापाशी बसले होते. आजोबांच्या गोळ्यांची डबी खोलीवर राहिली म्हणून ही दोघं परत आली होती. ओहोटीला बेटावर दगडी वाटेनं चालत जाता येई; भरती आली की वाट पाण्याखाली. म्हणून धक्क्यावरच्या फाटकावर रोज पाटी लागे. आजची पाटी सांगत होती, 'परतण्याची शेवटची वेळ : ५.१०.'

आत्ता कुठे दीड वाजला होता. पण फाटकाशी चष्मिश थबकली.

"वाटेच्या कडेचे ते काळे दगड मघाशी कोरडे होते ना रे?"

"होते की. एकावर बसून मी बुटातली वाळू झाडली."

"आता बुडालेत."

"समुद्राला घड्याळ कळत नसेल," बडबड्या म्हणाला.

चष्मिश हसली नाही. काल ते आले तेव्हा फाटक बंद होतं, पाटीवर एकची वेळ होती. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. मग आज दोनच्या आत परतायला हवं. पाच आले कुठून? काठी टेकत ती वाट ओलांडायला आजोबांना वीस मिनिटं लागली होती.

फाटकाजवळच्या चौकीच्या खिडकीत फाटकवाले काका वर्तमानपत्रात बुडाले होते.

"काका, पाणी चढतंय. घंटा वाजवता का?"

"घंटा पाटीच्या वेळेआधी अर्धा तास. वीस वर्षं हेच करतोय, बाळ."

बडबड्यानं तोंड उघडलं, पण ताईनं त्याला चिमटा काढला. मग हळूच म्हणाली, "बरं काका. उद्याची वेळ तरी सांगाल? उद्याही यायचंय."

"सांगतो की. मी पाच दिवसांच्या पाट्या एकदम रंगवून ठेवतो. रोज वरची उचलायची, अडकवायची." त्यांनी वरची पाटी उचलली. "उद्या चार वीस."

"आज पाच दहा, उद्या चार वीस," बडबड्या बोटं मोजत म्हणाला. "म्हणजे भरती आता उलटी चालायला लागली?"

काकांचा हात हवेतच राहिला. त्यांनी गठ्ठा उपसला. तळाच्या पाटीवर होतं, १.५०. या वेळी रंगवली तशी एकेक पाटी ते आधीच्या पाटीवर ठेवत गेले होते; आजची पहिली, म्हणून ती तळाशी गेली आणि शेवटच्या दिवसाची फाटकावर लागली.

"देवा रे," काका पुटपुटले आणि घंटेकडे धावले.

घंटा घणघणली. बेटावरची माणसं उठली. काका आणि दोन्ही मुलं वाटेवर पळत सुटली. अर्ध्या वाटेवर आई आणि आजोबा भेटले, तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. काकांनी आजोबांना सरळ पाठुंगळी घेतलं. सगळी माणसं फाटकात आली आणि मागची वाट बघता बघता दिसेनाशी झाली.

"आजोबा, चूक माझी. मी ऐकत नव्हतो, तरी या पोरीनं गोड बोलून ती दाखवून दिली," काका मान खाली घालून म्हणाले.

"चूक कोणाकडूनही होते. कळताच धावलात, ही देवाची कृपा." आजोबांनी ओलं धोतर पिळलं आणि नातीला जवळ घेतलं. "मोठ्यांशी वाद घालू नये, असं मीच शिकवलं ना तुला?"

"हो," ती दबकत म्हणाली.

"त्यात दुरुस्ती करू. घालावा. पण असा, आवाज न चढवता."