पासष्टावं झाड

त्या दिवशी बाई निघाल्या त्या नेहमीच्याच कामाला. वर्षातून दोनदा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर जायचं, तिथल्या चौसष्ट झाडांचा घेर मोजायचा, साल तपासायची, बुंध्याशी भुसा पडलाय का बघायचं आणि सगळं वहीत लिहून परत यायचं. साल पोखरणारा भुंगेरा खालच्या खोऱ्यातलं अर्धं जंगल फस्त करून वर सरकत होता. तो कुठवर आलाय हे वेळेत कळावं म्हणून वनखात्याने ही झाडं निवडली होती. प्रत्येकावर नंबराचा पत्रा ठोकलेला.

पूर्वी हे काम दोघं मिळून करायची. मास्तर टेप लावायचे, बाई लिहायच्या. मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. वर्गात हजेरी घ्यावी तसे झाडांचे नंबर पुकारायचे, म्हणून पडलेलं ते नाव. त्यांचा एक दंडक होता. त्यांनी आकडा सांगायचा, बाईंनी तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच वहीत उतरवायचा. "एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखेच लागतात," एवढंच स्पष्टीकरण त्यांनी पहिल्या दिवशी दिलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांत दोघांमध्ये आकड्यांपलीकडे फारसं बोलणं झालं नाही. मग तीन वर्षांपूर्वी एका पहाटे मास्तर घरी झोपेतच गेले. त्यांच्या जागी खात्याने माणूस दिला नाही. बाई एकट्याच टेप लावू लागल्या, एकट्याच लिहू लागल्या.

घरीही निराळं काही नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिचा फोन आठवड्यातून एकदा. बाई कधीकधी भाजीवाल्याशी उगाचच घासाघीस करायच्या. तेवढेच चार शब्द बोलणं व्हावं म्हणून.

त्या दिवशी वनरक्षकाने जीप पायवाटेच्या तोंडाशी थांबवली. आडदांड, हसतमुख गडी. त्याला कधी साधी सर्दी झालेली कुणी पाहिली नव्हती.

"मी इथंच आहे, बाई. काही लागलं तर शिट्टी मारा."

सकाळचे दहा वाजले असतील, पण उतारावर धुकं दाटून बसलं होतं. दहा पावलांपलीकडचं झाड नुसतं करड्या रेघेसारखं दिसायचं. ओल्या सालीचा आणि डिंकाचा वास नाकात बसला. पक्ष्यांचा आवाज नव्हता. सुतारपक्ष्याची टकटकही नव्हती. फांद्यांवरून पाणी तेवढं टपटपत होतं.

पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या झाडाला टेप लावून बाई जुन्या सवयीने मोठ्याने म्हणाल्या, "तीन. घेर एकशे बारा."

"एकशे बारा."

पेन्सिल हवेतच राहिली. आवाज धुक्यातून आला होता. कोरडा, सावकाश, पुरुषाचा. प्रतिध्वनी म्हणावा तर या उतारावर तो कधीच उमटला नव्हता, आणि उमटला असता तर बाईंच्या आवाजात उमटला असता.

त्यांनी चौथ्या झाडाला टेप गुंडाळला. "चार... एकशे चार."

"...एकशे चार."

बाई तेव्हाच मागे फिरल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या फिरल्या नाहीत. भीतीच्याही आधी त्यांना बरं वाटलं होतं, ही गोष्ट त्यांनी नंतर कुणालाच सांगितली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं होतं.

एकोणिसाव्या झाडापाशी त्या म्हणाल्या, "एकोणसाठ." आवाज म्हणाला, "एकोणसत्तर." त्यांनी टेप पुन्हा लावला. एकोणसत्तरच होते.

तिसाव्या झाडानंतर आवाज आधी बोलू लागला. बाई टेप काढायच्या आत आकडा यायचा आणि त्या नकळत तो परत म्हणून लिहायच्या. अगदी पूर्वीसारखं. आकड्यामागून झाडाची तब्येतही यायची, एका शब्दात.

"चाळीस. शहाण्णव. शाबूत."

"त्रेचाळीस. एकशे एक. कीड."

"सत्तेचाळीस. एकशे तीस... गेलं."

सत्तेचाळीस तर शेंड्यापर्यंत हिरवंगार होतं. बाईंनी चाकूचं टोक सालीत घातलं. ओल्या पुठ्ठ्यासारखी साल हातात आली आणि खाली सगळं बोगदेच बोगदे, वळवळणाऱ्या अळ्यांनी भरलेले. त्यांनी लिहिलं, 'गेलं'.

चौसष्टावं लिहून झालं. बाईंनी वही मिटली. धुकं आता इतकं जवळ आलं होतं की स्वतःचे बूट दिसेनात.

"पासष्ट."

या वेळी आवाज खांद्यामागून आला.

"चौसष्टच आहेत, मास्तर..." बाई पुटपुटल्या. ते नाव त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं होतं.

काखेखालून काहीतरी पातळ, गारेगार सरकत आलं. छातीवरून फिरलं, पाठीमागे गेलं, आणि हळूहळू आवळलं. बाईंना श्वास घेता येईना.

"घेर एकोणनव्वद... कीड."

पाणी टपटपत होतं. कुणीतरी वाट बघत होतं.

"परत म्हणा, बाई..."

म्हटलं तर काय होईल आणि नाही म्हटलं तर काय होईल, त्यांना काहीच कळेना. "एकोणनव्वद..." त्या कशाबशा म्हणाल्या. "कीड."

विळखा सुटला. बाई धडपडत, ठेचकाळत पायवाटेने खाली धावल्या.

"काय झालं, बाई? भूत दिसलं की काय?" वनरक्षक खो खो हसला. बाईही हसल्या. दुसरं काय करणार?

आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी त्या दवाखान्यात गेल्या आणि छाती तपासा म्हणाल्या. त्रास असा काहीच होत नव्हता. तरी तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला.

"एवढीशी गाठ हाताला लागतसुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"नाही. मोजणीला होते."

ऑपरेशन झालं. मुलगी पंधरा दिवस राहून गेली. औषधांमध्ये हिवाळा सरला आणि बाई पुन्हा कामावर आल्या, तोवर त्यांच्या वहीच्या आधाराने उतारावरची सगळी झाडं तोडून झाली होती. वरचं जंगल वाचवायचं तर दुसरा इलाज नव्हता.

उरलेले खुंट तपासायला त्या वनरक्षकाबरोबर गेल्या. लख्ख ऊन होतं. उघड्या उतारावर खुंटच खुंट, बाकी काही नाही. बाई मधोमध उभ्या राहिल्या. मास्तरांना काहीतरी सांगायचं होतं, पण परक्या माणसासमोर धीर होईना. त्यांनी कान देऊन ऐकलं. वारा होता, एवढंच. आता इथं मोजण्यासारखंच काही उरलं नव्हतं; मग कोण कशाला बोलेल? त्यांचे डोळे भरून आले.

चार पावलं पुढे चालणारा वनरक्षक अचानक थांबला आणि वळला.

"काय म्हणालात, बाई?"

"मी? काही नाही."

"काही नाही कसं? मागून स्पष्ट ऐकू आलं की. आवाज जरा घोगरा होता, एवढंच." गणवेश घट्ट झाल्यासारखा तो छातीवरून हात फिरवत होता. "सहासष्ट म्हणालात. मग एकशे आठ."

बाईंची नजर त्याच्या छातीवरच्या हाताकडे गेली.

"आणि मग म्हणालात, गेलं." तो हसला. "काय गेलं, बाई?"