तोडण्याआधी एक फोन

डेटाबेस सर्व्हरचं व्हर्जन बदलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाही तसंच वाटायचं. त्यांना सगळं आजच हवं असे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'आजच साहेब' म्हणत. वहिनी मात्र कितीतरी दिवस या एकाच कामाला जुंपलेली होती. पेशंटांचे रिपोर्ट, औषधं, ऑपरेशनच्या वेळा, सगळं त्या जुन्या सर्व्हरवर. आणि जुन्या व्हर्जनची दुरुस्ती कंपनीने केव्हाच बंद केलेली. एखादी नोंद इकडची तिकडे झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतणार होतं.

वहिनी म्हणायचं कारण एवढंच, की तिचा नवरा ऑफिसात सगळ्यांचा दादा होता. दोघं शेजारी शेजारी बसत. या अपग्रेडची तयारी दादानेच सुरू केली होती. मग एका सकाळी चहाचा कप तोंडाला लावता लावता तो गेला, आणि तयारी अर्धीच राहिली. ती परत आली ती या अर्ध्या कामासाठी. घरी बसून भिंतींकडे तरी किती बघायचं?

सगळ्या माहितीची एक कॉपी दुसऱ्या मशीनवर घेऊन ती रोज तिथे नव्या व्हर्जनची रंगीत तालीम करायची. रोज काहीतरी अडायचं. पण जेवून परत यावं तर अडलेलं सुटलेलं असे! आधी तिला वाटलं, आपणच केलं असेल. हल्ली डोकं ठिकाणावर असतं कुठे? मग तिचं लक्ष दुरुस्त झालेल्या ओळींकडे गेलं. दुरुस्ती केली की शेजारी 'एकदा बघून घे' असं लिहायची दादाला खोड होती. तसंच लिहिलेलं होतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार, वेड लागलं म्हणाले असते. आणि खरं तर तिला ते फार हवंहवंसं वाटू लागलं होतं. जेवायला जाताना ती मुद्दाम एखादी चूक करून ठेवू लागली.

शेवटी अपग्रेडचा दिवस आला. रविवारची दुपार, ओपीडी बंद. सर्व्हर थांबवण्याआधी त्याला जोडलेलं एकेक कनेक्शन बंद करायचं होतं. ते टेबलावरूनच तोडता येतं, पण दादा कधी तोडायचा नाही. आधी फोन करायचा. "माणूस काहीतरी लिहीत असतो गं, त्याच्या हातातलं काम हिसकून घ्यायचं नाही," म्हणायचा. वहिनीनेही लॅबला फोन केला, औषधांच्या खिडकीवर केला, वॉर्डात केला. एकेक जण बाहेर पडला.

पडद्यावरच्या यादीत एक कनेक्शन उरलं. नाव दादाचं. ते खातं तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. कॉम्प्युटर होता घरचा, त्याच्या खोलीतला.

"तोडा की ते, वहिनी," मागून आजच साहेब म्हणाले. "बघत काय बसलात?"

"आधी फोन करते."

सासूबाईंनी उचलला.

"आई, त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर कुणी लावलाय का?"



"तुला कळलं होय?" त्या म्हणाल्या. "मी मुद्दामच बोलले नाही गं. तू कामाला गेलीस की आत बटणांची टकटक सुरू होते. दार आतून लावलेलं असतं. तू उघडायला गेलीस आणि तो थांबला तर, या भीतीने गप्प राहिले."

वहिनीला हुंदका आवरेना.

"आई, आज सर्व्हर बंद करायचाय. त्याला बाहेर पडायला सांगा."

"राहू दे ना! त्याचा कुणाला काय त्रास आहे?"

"इथे सगळं खोळंबलंय, आई. मला इथून तोडता येतं. पण त्याचं मी नाही तोडणार. तुम्ही सांगा."

चपलांचा आवाज लांब गेला. दारावर थाप पडली.

"ऐकलंस का रे राजा? ती म्हणतेय, पुरे आता. बाहेर पड."

पडद्यावरची ती ओळ गेली. काम नीट आवरून माणूस उठावा, तशी.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

डोळे पुसून वहिनीने सर्व्हर थांबवला आणि नवं व्हर्जन चढवायला घेतलं. फोन तसाच कानाशी होता.

पलीकडे कडी निघाली.

मग सासूबाई परत फोनवर आल्या आणि अगदी हळू आवाजात बोलल्या.

"अगं, तो कपाट उघडून उभा आहे. त्याचे कपडे तर आपण सगळे देऊन टाकले ना? आता काय सांगू त्याला?"