एकवीस नंबरचा हिरवा

रविवारी दुपारी ती इनागाकींच्या मॉडेलच्या दुकानाचा जिना चढून वर आली, तेव्हा योहेई कात्सुमाता दातांत ब्रश धरून एका वीतभर लढाऊ विमानाची शेपटी चिकटवत होता. तिने निळ्या रुमालाची गाठ सोडली. आत तळहाताएवढा पत्रा.

"पंचेचाळीस साली आमच्या चहाच्या मळ्यात आपलं विमान पडलं," ती म्हणाली. "हा तुकडा शेडच्या छपराला ठोकलेला होता. वैमानिकाची धाकटी बहीण पुढच्या महिन्यात त्याच्या स्मारकाच्या दगडापाशी येतेय. नव्वदीच्या आजी आहेत त्या. लहानपणी हवाई दलाच्या छावणीत त्यांनी ते विमान एकदा पाहिलं होतं. आता आकार दिसत नाहीत, रंग तेवढे कळतात. मला त्यांच्या हातात तेच विमान ठेवायचंय... याच रंगाचं."

"मग याला विचारा," म्हातारे इनागाकी म्हणाले. "रंगात कात्सुमाता म्हणेल तो शेवटचा शब्द. मॉडेलच्या स्पर्धेत सलग तीन वर्षं सुवर्णपदक."

योहेईने दातांतला ब्रश काढून उगाचच पुसला.

कारण त्याला हिरवा आणि तांबूस तपकिरी यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता. तो रंगांच्या बाटल्यांचे नंबर पाठ करायचा. बाकीचे डोळ्यांवर विसंबून चुकत. योहेई डोळ्यांना विचारतच नसे, म्हणून कधी चुकला नव्हता. असा तो तज्ज्ञ झाला. पण या पत्र्यावर नंबर नव्हता.

त्याने पत्रा खिडकीशी धरला. तज्ज्ञ धरतात तेवढा वेळ धरला.

"एकवीस नंबर," तो म्हणाला. त्या विमानांसाठी सगळ्या पुस्तकांत तोच नंबर होता.

"इतक्या चटकन?"

"सवय. तुम्ही काय करता?"

"शिओरी मोचिझुकी. चहाच्या पेढीत पानांची प्रत ठरवते. हिरव्याच्या तीसेक छटा ओळखते मी, पगारच त्याचा."

गावात एवढ्या मुली होत्या. जिना चढून आली ती ही.

दर रविवारी ती येऊ लागली. एकदा थर्मासमधून तिने तीन कप भरले. "पहिल्या तोडीचा कुठला? रंगावरून सांगा."

योहेई एकेका कपावर वाकला. "मधला."

"बरोबर. पण नाक फार जवळ नेता तुम्ही."

"मी... लाजाळू आहे. कपामागे लपतो."

ती हसली, आणि त्याची भीती दुप्पट झाली. आतापर्यंत खोटं उघडं पडलं तर फक्त पदकंच जाणार होती; आता तिचं येणंही.

चौथ्या रविवारी त्याने दोन काचेच्या बरण्यांत रंग पातळ करून ठेवले. झाकणांवर नंबर लिहिले: एकवीस, म्हणजे हिरवा, विमानाला; एकोणतीस, म्हणजे तपकिरी, नाकावरच्या पंख्याला. तो सुरी आणायला खाली गेला. पसारा दिसला की शिओरीचे हात शिवशिवायचे. तिने दोन्ही झाकणं पुसून घट्ट लावली.

दोन तास योहेईने रंग फवारला. पूर्ण आत्मविश्वासाने.

दुकानात मॉडेल बनवायला येणारी मंडळी जमली आणि एकमेकांकडे पाहू लागली. तज्ज्ञाला टोकणं आमच्याकडे रीतीत बसत नाही.

"धाडसी आहे," एक जण म्हणाला.

"युद्धाच्या शेवटी मिळेल तो रंग मारत असत," इनागाकी म्हणाले. दुसऱ्याने ते वहीत लिहून घेतलं.

एवढं कौतुक योहेईचं कधी झालं नव्हतं.

मंडळी खाली ओदेनचं वाफाळतं कालवण खायला गेली. शिओरी मागे राहिली.

"कात्सुमातासान... पंखा छान हिरवा झालाय."

"पंखा?"

"आणि विमान तपकिरी. झाकणं माझ्याकडून बदलली, चूक माझीच. पण तुम्ही दोन तास बघत होता."

थाप तयार होती, इनागाकींनीच पुरवलेली. पण ती म्हातारी विमान डोळ्यांशी नेणार होती.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "हिरवा. कधीच नाही. तुमच्या पत्र्यावरही... मी पुस्तकातला नंबर सांगितला."

तिने निळा रुमाल उचलला. आता गाठ मारून जाणार, त्याला वाटलं. तिने पत्रा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"कपांच्या दिवशीच कळलं. एका कपात भाजलेल्या पानांचा चहा होता, चक्क तपकिरी. डोळस माणूस तो हुंगत बसला नसता."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटत होती. तुम्ही सांगाल याची... आणि सांगणार नाही, याची जास्त." तिने खुर्ची जवळ ओढली. "एकवीस जरा चुकलाय. हा पिवळट आहे, उशिरा तोडलेल्या पानासारखा. मी बघते, तुम्ही मिसळा. एक थेंब... अजून एक... थांबा."

पुढच्या रविवारी योहेईने मंडळींना खरं सांगून टाकलं. त्यांनी ते विनयात जमा केलं.

मे महिन्यात मळ्यातल्या दगडापाशी म्हातारीने विमान डोळ्यांना जवळजवळ टेकवलं.

"हाच," ती म्हणाली, आणि बराच वेळ ते खाली ठेवलं नाही.

परतताना दोघं चहाच्या ओळींमधून उतरत होती. "शिओरीसान, मला तुम्हाला... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

"तुमचे कान कुठल्या रंगाचे झालेत, ठाऊक आहे?"

"नाही."

"सांगेन. घाई काय आहे, आयुष्य पडलंय."

तिने त्याचा हात धरला. योहेईने सभोवार पाहिलं. मळा म्हणे हिरवागार होता.