टाकीच्या चढावरची शर्यत

सुट्टीत सायकलने तळ्यावर जायचा बेत ठरत होता, तेवढ्यात चिंगीची काळी सायकल रविवारी भंगारात जाणार असल्याचं काकांनी जाहीर केलं. तिला गिअर नव्हते, आणि बिनगिअरच्या सायकलींबद्दल काकांचं मत फार वाईट होतं. त्यांच्या सायकलीला सात गिअर होते. घरी आलेल्या पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवले जात.

सायकल गेली म्हणजे तळं गेलं. चिंगी तोंड पाडून अंगणात बसली. शेजारचा चष्मिस समजूत घालायला आला आणि काकांच्या सायकलीपाशीच उकिडवा बसून राहिला.

"चिंगे, हे बघ. मागे सात दातेरी चकत्या आहेत. सगळ्यात लहान चकती चकचकीत, बाकीच्यांवर धूळ. आणि इथे तर चक्क कोळ्याचं जाळं."

चिंगीने मागचं चाक उचलून धरलं. चष्मिसने पेडल फिरवत मुठीजवळचा खटका दाबला. खट्ट असा झकास आवाज झाला. साखळी मात्र लहान चकतीवरून हलली नाही. आतली तार तुटली होती. काका इतके दिवस नुसता खटका वाजवत, सगळ्यात जड गिअरवर ऑफिसला जात होते.

चष्मिस सांगायला धावणार, तोच चिंगीने त्याची कॉलर धरली. मग घरात जाऊन तिने अदबीने काकांकडे शर्यत मागितली, पाण्याच्या टाकीच्या चढाच्या माथ्यापर्यंत. हरली, तर सायकल ती स्वतः भंगारात नेऊन देणार. काका इतके हसले, की काय झालं ते बघायला काकू बाहेर आल्या आणि शर्यतीलाही आल्या.

सपाट रस्त्यावर काका बरेच पुढे होते. चढ लागला. काकांनी खटका दाबला. खट्ट. पुन्हा दाबला. खट्ट, खट्ट. सायकल जरा विचारात पडली आणि थांबली. चिंगी उभ्याने पेडल मारत, धापा टाकत, शेजारून वर गेली.

काका सायकल ढकलत वर पोहोचल्यावर चष्मिसने त्यांना तुटकी तार दाखवली.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?" काकांनी दोघांना विचारलं.

"हो," चिंगी म्हणाली. "पण काका, तुम्हीही बिनगिअरचीच सायकल चालवताय, हे नुसतं सांगून पटलं असतं?"

काकांनी बराच वेळ तार न्याहाळली. "नसतं पटलं," ते म्हणाले.

काकूंनी दोघा मुलांची पाठ थोपटली. तार बसवल्यावर चढावर काकाच जिंकतील, हे चष्मिसने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

रविवारी भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. सोमवारची तळ्याची सहल मात्र एक दिवस पुढे ढकलावी लागली. काकांची सायकल दुरुस्तीला होती, आणि त्यांना ऑफिसला जायचं होतं. चिंगीने आपली दिली. संध्याकाळी पुसून परत करायच्या अटीवर.