गवताळ बांध आणि सात बाटल्या

"खोटं आहे हे! साफ खोटं!" ॲग्नेसने घरात शिरताच चपला भिरकावल्या.

बोरिवलीची खाडी ओलांडली की तिचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ शेर्विन आणि वर्गमैत्रीण मानसी तिच्याकडे राहायला आले, त्याच आठवड्यात तळं हिरवंगार झालं नि मासे उलटे तरंगू लागले. तळे समितीच्या राजेशकाकांनी खापर फोडलं तिच्या जॉनीअंकलवर! का, तर आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, सगळ्यांनी बांध खरवडून लख्ख केले आणि अंकलनी एकट्यांनी गवत ठेवलं. तेच म्हणे तळ्यात कुजतंय! रविवारच्या बैठकीत त्यांचा मासे धरायचा हक्क काढून घेणार होते. घर चालायचं ते त्यावरच!

सोमवारी दुपारी पाऊस कोसळला. तिघं तळ्याकडे पळाली.

"अगं बघ ना! सगळ्यांच्या भाजीच्या वाफ्यांतून चहासारखं पाणी येतंय!" शेर्विन ओरडला.

"आणि अंकलकडून येतंय ते गाळून घेतल्यासारखं!" मानसी म्हणाली.

त्यांनी तळ्याकाठच्या सात शेतांचं पाणी सात बाटल्यांत भरलं, शेवाळाचं विरजण म्हणून प्रत्येकीत तळ्याचं चमचाभर पाणी घातलं, नावं चिकटवली आणि बाटल्या गच्चीवर उन्हात ठेवल्या.

रविवारी राजेशकाका म्हणाले, "तळ्यात शेवाळ मारायची पावडर टाकू, जॉनीचा हक्क काढू. विषय संपला!"

"नाही संपला!" ॲग्नेसने बाटल्या टेबलावर मांडल्या. सहा हिरव्या, अंकलची तेवढी नितळ.

"हा काय पोरखेळ?"

"तुमचा यूरिया आहे हा, काका! बांध बोडके केलेत, मग खत अडवणार कोण? पावसाबरोबर थेट तळ्यात! त्यावर शेवाळ माजतं नि मासे गुदमरतात. पावडर टाकाल, पुढच्या पावसात पुन्हा तेच!"

"फार बोलतेस! सगळ्यात हिरवी बाटली कोणाची, ते सांग की!"

ॲग्नेसने बाटलीवरचं नाव सगळ्यांकडे फिरवलं. "आमची. डॅडींची."

डॅडी उठून उभे राहिले. "माझ्या भावावर आळ आला आणि मी गप्प बसलो. लाज वाटते मला! जॉनीचा हक्क कोणी काढायचा नाही. माझ्या शेतात तळ्याकडचा चार हात पट्टा आता गवताचाच राहील. खत तिथवर न्यायचं नाही, पावसाचं लक्षण दिसलं तर टाकायचंच नाही."

राजेशकाकांनी स्वतःच्या नावाची बाटली उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. "चुकलो रे जॉनी. पोरांनो, शाबास! आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडलेत."

"शाबासकी राहू दे," जॉनीअंकल म्हणाले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. "उद्या सकाळी माझ्या बांधावर या. गवताची ठोंबं देतो, सहाही जणांनी आपापल्या हातांनी लावायची!"