अठरा नावांचे बिल्ले

बिल्ले करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या वर्गात काम हेडमास्तरने वाटायचं आणि मी ते मान खाली घालून करायचं, हे चाळीस वर्षांपूर्वीच ठरलेलं. हेडमास्तर म्हणजे खराखुरा नव्हे. आम्ही सगळे ड्राफ्ट्समनच्या वर्गातले. तो उठसूट उपदेश करायचा म्हणून हे नाव पडलं. आता वर्ग पुन्हा जमणार होता, त्याच जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये, आणि चेहरे काही ओळखू येणार नाहीत म्हणून प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला हवा होता. त्यावर फक्त टोपणनाव. खरी नावं आम्ही तेव्हाही फारशी वापरली नव्हती.

"आणि शिट्टीचा?" मी फोनवर विचारलं.

"येणाऱ्यांचेच कर रे," हेडमास्तर म्हणाला. " उगाच सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी कशाला?"

शिट्टी माझ्या शेजारी बसायचा. दोघांत एक टेबल. उन्हाळ्यातही त्याच्या अंगात तोच निळा स्वेटर. रेघ ओढताना दातांतून बारीक शीळ घालायची त्याची सवय होती. शेवटच्या वर्षी तो आजारी पडून घरी गेला आणि तिथून मला त्याचं पत्र आलं, एकदा येऊन जा म्हणून. परीक्षा तोंडावर होती. ती झाली की जाऊ, असं म्हटलं. तो परीक्षेआधीच गेला. पत्र आलं होतं हे मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. या वेळी मात्र सगळ्यांसमोर एकदाचं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

आधी प्लास्टिकची कार्डं छापणाऱ्या एका दुकानात गेलो. नमुन्यासाठी पाच नावं लिहून दिली. काउंटरवरच्या मुलीने सहा कार्डं हातात ठेवली. एक कोरं होतं.

"पाचच सांगितली होती," मी म्हणालो.

"काका, कागदावर ओळी सहा आहेत. एक तुम्हीच रिकामी सोडलीय."

तिचं खरं होतं. आम्ही वर्गात जसे बसायचो त्याच क्रमाने मी नावं लिहिली होती आणि माझ्या शेजारची जागा तशीच ठेवली होती. मला हसू आलं. यादी करायला सांगा, ड्राफ्ट्समन बसल्या बसल्या नकाशाच काढणार. कार्डं मात्र पसंत पडली नाहीत. गुळगुळीत, चकचकीत, कोणाचीही असावीत अशी.

मग जुन्या गल्लीतला छापखाना आठवला. आत पाऊल टाकलं आणि शाईचा आणि रॉकेलचा वास आला. आमच्या प्रश्नपत्रिकांना असाच वास असायचा. म्हातारा जुळारी खणांतून शिशाचे खिळे उचलून एकेक नाव जुळवत होता, हाताकडे न बघता. त्याने नमुना दिला. जाड कार्डात अक्षरं दाबून उठलेली, बोटाला लागणारी, मागे सेफ्टी पिन. मी त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं. छापखाना ठरला.

या वेळी यादी अकारविल्हे केली. अठरा नावं. दोनदा मोजली, खाली रेघ मारली.

चौथ्या दिवशी आणायला गेलो तर बिल्ले एकोणीस. शेवटचा शिट्टीचा.

"हा कोणी सांगितला?"

जुळाऱ्याने भिंतीवरच्या तारेला अडकवलेली माझी यादी काढून दिली. "लिहिलंय ते जुळवलं."

माझ्या रेघेखाली पेन्सिलने 'शिट्टी' लिहिलेलं होतं.

"इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही. तुम्ही दिलात त्या दिवसापासून कागद इथेच आहे."

मी चष्मा पुसून पाहिलं. ड्राफ्ट्समन एकमेकांचं अक्षर चालीवरून माणूस ओळखावा तसं ओळखतात. वरची रेघ सगळ्यात शेवटी आणि उजवीकडून डावीकडे ओढायचा असा वर्गात एकच जण होता. त्यावरून सरांनी त्याला कितीदा झापलं होतं. रेघ उजवीकडे गडद होती, डावीकडे विरत गेली होती. बोट लावलं तर बोटाला शिसं लागलं.

तो बिल्ला मी शर्टाच्या खिशात ठेवला.

हॉल होता तसाच होता. उंच खिडक्या, तिरक्या फळ्यांची टेबलं, दुपारचा उकाडा. टकलं आणि पोटं बघून हसण्यातच पहिला तास गेला. हेडमास्तरने दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला होता. जाताना प्रत्येकाने बिल्ला त्यात टाकायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा खर्च नको.

सांगायचं होतं, पण चहा होऊ दे म्हटलं. मग फोटो होऊ दे म्हटलं. तीन वाजता हेडमास्तर निघाला, त्याची गाडी होती. सगळ्यात आधी तोच निघाला. मी तेव्हाही गप्पच.

पाच वाजता खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा उभा राहिलो आणि पत्राचं सांगून टाकलं. सगळं.

मुंगीने माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानखुरी, तेव्हाही तशीच. "त्याला कळलं असेल रे आज," ती म्हणाली.

खूप हलकं वाटलं. रडलोही थोडा.

सगळे डब्यात बिल्ले टाकून गेले. मी एकटा उरलो. माझा बिल्ला टेबलावर काढून ठेवला आणि डब्यातले एकेक उचलून मोजू लागलो. वरचे नंतर गेलेल्यांचे, खालचे आधी गेलेल्यांचे. सतरावा हेडमास्तरचा.

त्याच्याखाली आणखी एक होता.

मी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

तो बिल्ला उचलून उलटा केला. पिन नीट बंद केलेली होती आणि तिच्यात स्वेटरच्या निळ्या लोकरीचा एक धागा अडकला होता.